दोघांनाच माहीत असलेला आकडा

३ मार्च, सोमवार

आज वेग ठरला. दोन हजार तीनशे दहा मेगाहर्ट्झ. सात आठवडे चिपा तापवल्या, गार केल्या, पळवल्या, जाळल्या, तेव्हा कुठे हा आकडा हाती आला, आणि तो कुणालाही सांगायची सोय नाही. एवढा पराक्रम करून माणसानं घरी येऊन मुकाट्यानं जेवायचं, हे माझ्यासारख्या बडबड्याला कसं जमावं? म्हणून ही वही. कपाटात, कुलपात.

आईला समजावतो तसं इथेही लिहून ठेवतो. कंप्यूटरच्या पडद्यावर जी चित्रं हलतात, ती हलवणारी ग्राफिक्स चिप आम्ही बनवतो. ती किती वेगानं पळवली तर तग धरते आणि कुठे मान टाकते, ते शोधणं हे माझं काम. अशा चिपा बनवणारी घरं दोनच. एक आम्ही, दुसरे समोरचे. समोरचे बसतात शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी आमच्याकडे त्यांना समोरचेच म्हणतात. यंदा दोघांची नवी कार्डं, म्हणजे चिप आणि तिला गार ठेवणारा पंखा बसवलेल्या पाट्या, एकाच आठवड्यात बाजारात येणार. ज्याला दुसऱ्याचा वेग आधी कळेल त्याची चांदी. तो आपला वेग केसभर वर ठेवणार, पंख्यापासून खोक्यापर्यंत सगळं स्वस्तात उरकणार, आणि दुसऱ्यानं हात चोळत बसायचं.

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, "हा आकडा तुम्हाला आणि मला. तिसऱ्या कुणाला नाही." मग म्हणाले, बाकी आठ जणांना आठ वेगवेगळे खोटे आकडे द्या, प्रत्येकाला सांगा की हाच खरा. बाहेर जो आकडा दिसेल, तो माणूस सापडला. यादी तुम्हीच करा. मी मनात म्हटलं, आठवड्याभरात नाही सापडला तर नाव बदलीन! मला तर ही कामं फार आवडतात.

उठताना त्यांनी सहज विचारलं, "ताई कशा आहेत? अजून तिकडेच ना? एकाच घरात राहता तुम्ही, नाही का?" ताई म्हणजे माझी थोरली बहीण, समोरच्यांकडे बारा वर्षं नोकरी करते. साहेबांना इतक्या व्यापात एवढं लक्षात राहतं. भला माणूस.

५ मार्च, बुधवार

यादी वाटून झाली. जाहिरातवाल्या बाईंना बावीसशे पंच्याण्णव, हिशेबवाल्यांना तेवीसशे पंचवीस, असं करत आठ जण. प्रत्येकाला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, "फक्त तुम्हालाच सांगतोय हं." प्रत्येकाचा चेहरा असा खुलला की मलाच पाप लागेल असं वाटलं.

पंखेवाल्याला त्याचा आकडा द्यायला गेलो. पंखेवाला म्हणजे चिप गार ठेवणारा इंजिनिअर. त्याचं खरं नाव हजेरीच्या मशीनलाच ठाऊक असेल. त्याच्या टेबलावर नव्या कार्डाचा पंखा होता. केवढा तो! म्हटलं, "अरे, हे काय विमानाचं आहे का? गेल्या वर्षीच्या पंख्यात भागलं असतं की." तो म्हणाला, "साहेबांनी मागवलाय. मला काय विचारता?" आणि माझा आकडा नीट न ऐकताच पुन्हा स्क्रूशी खेळत बसला. साहेबांना अधूनमधून अशी उधळपट्टी सुचते.

८ मार्च, शनिवार

ताई आणि आई खाली राहतात, मी वरच्या खोलीत. जेवण खालीच. ताई समोरच्यांकडे लागली तेव्हा आईनं नियम केला तो आजवर मोडलेला नाही. दाराजवळ बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. आत येताना दोघांनी गळ्यातली ओळखपत्रं त्यात टाकायची, मगच टेबलाशी बसायचं. आई म्हणते, "इथे मला दोन मुलं हवीत, दोन कंपन्या नकोत."

आज जेवताना ताईचं लक्ष नव्हतं. मी विचारलं, "काय गं, झोप नाही का?" म्हणाली, "कामाचं आहे. डब्यात टाकलंय." मी हसलो. गणित मला हिनंच शिकवलं, टपल्या मारून मारून. आजही मला कुठे अडलं की मनात पहिली ताई येते, आणि नेमकं तिलाच काही विचारता येत नाही. समोरच्यांकडे ती वेग, पंखा आणि किंमत यांचा मेळ घालणाऱ्या चौघांपैकी एक आहे. म्हणजे माझा आकडा जगात सगळ्यात जास्त कुणाला हवा असेल, तर तिला. आणि ती पलीकडे बसून मला म्हणते, "मीठ सरकव."

११ मार्च, मंगळवार

काही नाही. ताई इस्त्री न्यायला वर येऊन गेली, तेवढंच.

१२ मार्च, बुधवार

फुटला! नेटवर अफवांचं एक पान आहे, आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस दात घासायच्या आधी ते वाचतो. आज त्यावर आमच्या कार्डाचा वेग आला. मी आधी टाळीच वाजवली. सापडला बेटा! यादी काढली, वरून खाली बोट फिरवलं. मग खालून वर फिरवलं. आठांपैकी कुणाचाच नाही.

तेवीसशे दहा. माझा.

यादीची घडी करून खिशात घातली. लावलेल्या सापळ्यात मीच. हसावं की रडावं कळेना.

१३ मार्च, गुरुवार

केबिनमध्ये साहेब आणि सुरक्षेच्या बाई. साहेब फार हळू बोलले. "तुमच्यावर कुणी आरोप करत नाहीये. फक्त घरी थांबा काही दिवस." मी म्हटलं, "साहेब, आकडा आपल्या दोघांतच होता." ते म्हणाले, "तेच तर." आणि इतक्या दुःखानं माझ्याकडे बघितलं की मलाच त्यांची दया आली.

ओळखपत्र, लॅपटॉप, ऑफिसचा फोन, सगळं काढून घेतलं. मागच्या जिन्यानं गपचूप सोडलं असतं तर काय बिघडलं असतं? पण बाईंनी मला भर अकरा वाजता, सगळा मजला ओलांडून, पुढच्या दारानं नेलं. हातात खोकं, खोक्यात कप आणि कुंडी. दारात आमच्या चिपा घेऊन कार्डं बनवणाऱ्या तीन कंपन्यांची माणसं मीटिंगला आलेली, त्यांनीही पाहिलं. इतकी वर्षं मान वर करून ज्या दारातून गेलो, तिथून खाली मान घालून निघालो.

१४ मार्च, शुक्रवार

दिवसभर छताकडे बघत पडलो. दुसरीकडे नोकरी म्हणावं तर दुसरीकडे म्हणजे समोरचेच, आणि करारात लिहिलंय, सोडल्यावर दोन वर्षं तिकडे पाऊल टाकायचं नाही. मी शिकलो काय, तर एका जातीची चिप किती पळते ते. ते ज्ञान घेऊन भाजीच्या दुकानात बसू?

आई जिन्यातून हाक मारत होती. तिनं वर पाठवलेली अंडी तशीच परत गेली.

१५ मार्च, शनिवार

त्या पानावर आज माझीच बातमी. "वेग ठरवणाऱ्या इंजिनिअरला घरी बसवलं, म्हणजे आकडा खराच." खाली तीनशे लोकांची चर्चा. हे कुणी कळवलं? एवढी लगबग कुणाला?

संध्याकाळी साहेबांचा फोन आला, घरच्या नंबरवर. जेवलात का, झोप लागते का, अशी चौकशी केली. मग म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण घरात कुणाच्या हाती काही लागलं असेल का, एकदा शांतपणे विचारून बघा. तुमच्या भल्यासाठी सांगतो." मी म्हटलं, ताई तशी नाही. ते म्हणाले, "मी ताईंचं नाव घेतलंच नाही."

फोन ठेवल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं. आकडा लिहिलाय कुठे? या वहीत. वही कपाटात. किल्ली कुठे? चष्म्याच्या घरात, आणि ही माझी शाळेपासूनची सवय ताईला एकटीलाच ठाऊक. मंगळवारी वर कोण आलं होतं? बुधवारी आकडा फुटला. मी वही काढून बघितली. मी ठेवतो तशीच होती की उलटी होती, आता देवाशपथ आठवत नाही.

१६ मार्च, रविवार

मी ताईला नको ते बोललो.

शांतपणे विचारायचं ठरवून खाली गेलो होतो. ती खिडकीत बसून आईचा चष्मा पुसत होती. मी म्हटलं, "मंगळवारी वर आलीस तेव्हा माझं कपाट उघडलंस?" ती म्हणाली, "कशाला? इस्त्री तर टेबलावर होती." तिच्या आवाजात काहीच नव्हतं, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. चोर सापडला की असाच साळसूद बोलतो, असं वाटलं.

मग तोंडाचा पट्टा सुटला. "नाटकं करू नकोस! तो आकडा मी आणि साहेब, दोघांनाच माहीत होता. बाकी आठ जणांना मी माझ्या हातानं खोटे आकडे वाटले. तेवीसशे दहा त्यात नव्हताच! मग त्या पानापर्यंत गेला कसा? वाऱ्यानं?" आई मध्ये पडली, तिलाही "तू गप्प बस" म्हणालो. आजवर आईला असं कधी बोललो नव्हतो.

ताई पांढरीफटक पडली. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "बारा वर्षं मी तुझ्या खोलीत कागद दिसला तर पालथा घालून ठेवते. हे तुला माहीत नाही." मी म्हटलं, "पुरे झालं," आणि वर आलो.

आईला तसं बोलायला नको होतं. पण एक मोकळेपणाही आहे. निदान कोण ते कळलं.

१८ मार्च, मंगळवार

ताई काल पहाटेच गेली, आजही. ताट माझं वर येतं. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवते आणि उतरते. तिचा गुडघा दुखतो, तरी चढते. मी म्हटलं, "मी येतो घ्यायला." म्हणाली, "नको. तुझी खोली, तुझी कुलपं."

माझ्याच घरात मी वर कोंडलेला. चोरी दुसऱ्याची आणि तोंड लपवायचं मी. न्याय आहे का हा?

२० मार्च, गुरुवार

साहेबांचा फोन. "बोललात का घरी?" मी म्हटलं, बोललो, पण तिनं कबूल केलं नाही. "काय काय बोललात?" सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. ते मध्ये मध्ये "हं, पुढे?" करत होते. मग म्हणाले, "वाईट वाटलं ऐकून. तुम्ही काळजी करू नका, सगळं नीट होईल." आवाजात एकदम हलकेपणा होता. माझ्या पाठीशी उभा राहणारा हा एकच माणूस उरलाय.

२५ मार्च, मंगळवार

समोरच्यांचा सोहळा झाला. वर बसून छोट्या पडद्यावर पाहिला. त्यांचं कार्ड आमच्या तेवीसशे दहाच्या कार्डापेक्षा केसभर पुढे. मोजून केसभर! आणि पंखा इवलासा, खोकं चिमुकलं, किंमत उतरलेली. बघा, आकडा हातात असल्याशिवाय कुणी इतकं नेमकं बसवू शकतं का? आमचं कार्ड परवा येणार, आणि आल्या आल्या मार खाणार. सात आठवड्यांची माझी मेहनत गेली मातीत.

मंचावर मागच्या रांगेत ताई दिसली. सगळे टाळ्या वाजवत होते. तीही वाजवत होती.

२६ मार्च, बुधवार

साहेबांचा फोन: "उद्या सकाळी या. दाढी करून या!" आणि हसले.

२७ मार्च, गुरुवार

काय लिहू? क्रमानं लिहितो.

दारातच सुरक्षेच्या बाईंनी ओळखपत्र माझ्या गळ्यात घातलं, हार घालतात तसं. आत केक. मोठ्या पडद्यावर आमच्या कार्डाचा वेग: दोन हजार पाचशे पन्नास. मला वाटलं, छापणाऱ्यानं घोळ घातला. पण नाही. कार्डातला छोटा प्रोग्रॅम काल बदलला, वेग चढवला, आणि तो विमानाएवढा पंखा चिपेला गार ठेवतोय. समोरचे आडवे. त्यांच्या इवल्या पंख्यावर त्यांना वर चढताच येत नाही, खोकी दुकानात पोचलेली.

मी पंखेवाल्याला कोपऱ्यात गाठलं. "तुला माहीत होतं?" तो केक खात खाली बघत म्हणाला, "पंचवीसशे पन्नासची चाचणी मी फेब्रुवारीतच केली. तुम्हाला सांगायचं नाही असा हुकूम होता." म्हटलं, "का?" तर म्हणाला, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणे."

केबिनमध्ये गेलो. मी विचारायच्या आधीच साहेब म्हणाले, "आकडा मीच सोडला. पण नुसता आकडा कोण खातो? बाजारात रोज दहा फिरतात. तो खरा वाटायला माणूस लागतो." मी म्हटलं, "आणि माझं नाव? माझी बदनामी?" "आपण कधी म्हटलं तुम्ही फोडला म्हणून? आपण फक्त घरी थांबा म्हटलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या चिपेचा सगळा विभाग तुमचा. ताई कशा आहेत?"

मी "बऱ्या आहेत" म्हणालो. थोबाडात मारावी अशी इच्छा झाली, साहेबांच्या की माझ्या, ते ठरवता आलं नाही. उद्या सोडून जायचं म्हटलं तर दुसरं दार समोरच्यांचं, आणि ते तर मला आता दारातही उभं करणार नाहीत. केकचा तुकडा कागदात गुंडाळून दिला त्यांनी, घरच्यांसाठी. तो जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

म्हणजे ताईनं काही केलं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

२८ मार्च, शुक्रवार

पाय धरीन म्हणून खाली गेलो. ताई दुपारी दोन वाजता घरी, रोजच्या कपड्यांत. आईनं दारातच अडवलं. "आज नको. तिला काढून टाकलंय."

मी म्हटलं, "का? तिनं काय केलं?" आई म्हणाली, "ते तिलाच विचार. पण आज नको."

२९ मार्च, शनिवार

दिवसभर जिन्यात बसून होतो. खालून आवाज आला की उठायचो, पुन्हा बसायचो. तिला का काढलं? मी तर तिला चोर म्हटलं फक्त घरात, चार भिंतींत. ते समोरच्यांपर्यंत कसं जाईल?

३० मार्च, रविवार

सकाळी आईनं शाल घेतली आणि "जरा फिरून येते" म्हणून निघाली. गुडघ्यानं बेजार झालेली बाई, कोपऱ्यापर्यंतही जात नाही. जाताना मला म्हणाली, "आता जा."

ताई टेबलाशी बसली होती. मी उभाच राहिलो. म्हटलं, "ताई, आकडा साहेबांनीच फोडला होता. मला काही ठाऊक नव्हतं. माझं चुकलं. मला मार, पण बोल."

"बस," ती म्हणाली. मी बसलो.

"आमच्याकडे त्या आठवड्यात सहा आकडे फिरत होते," ती म्हणाली. "तेवीसशे दहा त्यातलाच एक. तुला घरी बसवल्यावर सगळे माझ्या मागे लागले. तुझा भाऊ ना तो, सांग ना, खरा आहे का? मी तीनदा म्हटलं, माहीत नाही. आणि मला खरंच माहीत नव्हतं रे. दोन्ही पंखे तयार होते, मोठा आणि छोटा. मी मोठ्याच्याच बाजूनं होते."

"मग?"

"मग तू खाली आलास." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू ओरडलास, की तो आकडा दोघांनाच माहीत होता, बाकीचे सगळे खोटे. तेव्हा मला कळलं की तो खरा आहे."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. तिला आकडा मीच दिला होता. चोरी केलीस म्हणत, तिच्या हातात नेऊन ठेवला होता.

"तरीही गप्प बसले असते," ती म्हणाली. "बारा वर्षं बसलेच होते. पण सोमवारी त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी म्हटलं, जाऊ दे ना. ज्याच्यासाठी गप्प बसायचं, त्यानं तर चोर ठरवून टाकलंय. शिक्षा झालीच आहे. मी सांगितलं, खरा आहे. माझ्या शब्दावर छोटा पंखा घेतला त्यांनी. गुरुवारी तुमचं कार्ड आलं. आता ते म्हणतात, बहीणभावांनी मिळून आम्हाला गंडवलं. मी काय सांगू त्यांना?"

"मी येतो. मी सांगतो त्यांना," मी म्हणालो. तिनं नुसता हात हलवला. मलाही कळत होतं, की साहेबांच्या माणसानं साक्ष दिली की तिचं उरलंसुरलं नावही जाईल.

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग ती म्हणाली, "मी एकच विचारते. खरं सांग. त्या रविवारी तू आलास, तेव्हा तुला खरोखर वाटत होतं मी चोरी केली म्हणून? की त्यांनी सगळं शिकवून पाठवलं होतं तुला?"

मला दोन्हीकडून वाट दिसेना. पाठवलं होतं म्हणावं, तर मी तिला ठरवून खड्ड्यात ढकललं. नव्हतं म्हणावं, तर बत्तीस वर्षं माझं बोट धरणाऱ्या बहिणीला मी एका फोनवर चोर मानलं. खोटं बोलावं असं मनात आलं. पण कुठलं खोटं तिला कमी लागेल, तेही कळेना.

"खरोखर वाटत होतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "मी आईला तेच म्हटलं. त्याला शिकवून पाठवलेलं नव्हतं, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. आई ऐकेना. आई म्हणते, नाही, पाठवलंच असणार, नोकरी आहे बिचाऱ्याची, त्याचा इलाज नव्हता. पाठवला असेल तर माफ करून टाक म्हणते. रोज म्हणते."

दार उघडून आई आत आली. शाल काढता काढता तिनं ताईकडे पाहिलं. ताईनं हळूच नकारार्थी मान हलवली.

आई उभ्या उभ्या क्षणभर थांबली. मग शालीची घडी घालत, माझ्याकडे न बघता, आतल्या खोलीत गेली.